थंडी, फटफटी आणि आपले हात



आज आपण एका साध्या गोष्टीविषयी वाचणार आहोत. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे मोटारसायकलवरून जायचे झाले, तर हातांची ऊब कशी राखावी, ही ती गोष्ट. कोणी म्हणेल, "यात काय शिकायचे? थंडीत हात गारठायचेच!" पण थांबा. गारठलेल्या हातांपायी एक जीव कसा जाता जाता राहिला, ते आधी ऐका.

एका पहाटेची गोष्ट

आमचे गाव पोहरादेवी. वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. जगदंबा देवीचे देऊळ आहे. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. पण रामनवमी उन्हाळ्यातली. त्या वेळी थंडीची आठवण कोणाला राहते! थंडी कळते ती पौषात.

आमच्या शेजारच्या तांड्यात एक तरुण राहतो. माझ्या शाळेत शिकलेला. दुधाचा धंदा करतो. पहाटे पाचला म्हशी पिळायच्या, गाडीला दोन कॅन अडकवायचे, आणि उजाडायच्या आत गावोगावच्या गिऱ्हाइकांकडे दूध पोचवायचे, हा त्याचा रोजचा नेम.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. कडाक्याची थंडी पडली होती. हा गडी नेहमीप्रमाणे निघाला. अंगात स्वेटर, कानाला मफलर. हात मात्र उघडे. नाल्याच्या उताराला त्याच्यासमोर एकाएकी वासरू आडवे आले. त्याने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असे त्याला वाटले. गाडी थांबली नाही. वासरू वाचवायला गेला आणि गाडीसकट खाली नाल्यात गेला.

नशीब बलवत्तर. मनगट मोडले, पण डोके वाचले, कारण डोक्यात हेल्मेट होते. मी त्याला बघायला गेलो. तो म्हणाला, "काय सांगू गुरुजी! ब्रेक दाबाले गेलो, पण बोटंच वळली नाही. मले वाटलं दाबला, पण दाबलाच नोहता!"

त्याची म्हातारी आई, तिला सगळा तांडा याडी म्हणतो, उंबऱ्यात बसून डोळे पुसत होती. ती म्हणाली, "गुरुजी, गाडी चांगली, रस्ता चांगला, पोरगं दारू पीत नाही. मग हे असं काहून झालं?"

तिचा हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. त्याचे उत्तर मी पुस्तकांत शोधले, डॉक्टरांना विचारले, आणि स्वतः पहाटे गाडीवर बसून तपासले. ते तुम्हाला सांगतो.

एका सेकंदाची किंमत

आधी थोडे गणित करू. तुम्ही आकडे शिकलात, ते उपयोगात आणू.

गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका तासात ४०,००० मीटर. एका तासात सेकंद किती? ३,६००. आता ४०,००० ला ३,६०० ने भागा. उत्तर येते सुमारे ११. म्हणजे गाडी एका सेकंदाला ११ मीटर, सुमारे ३६ फूट पुढे जाते. दोन बैलगाड्या बैलांसकट मागेपुढे उभ्या केल्या, तर साधारण एवढे अंतर होते.

गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायला एकच सेकंद जास्त लागला, तरी गाडी ३६ फूट पुढे गेलेली असते. तेवढ्यात वासरू मध्ये येते. तेवढ्यात शाळेत जाणारे पोरही मध्ये येऊ शकते.

म्हणून हातांची ऊब ही चैन नाही. ब्रेकची तार जशी नीट हवी, तसे ब्रेक दाबणारे बोटही नीट हवे.

आधी बोटेच का गारठतात?

आपल्या अंगात ऊब असते. निरोगी माणसाच्या पोटात, छातीत ती सुमारे ३७ अंश असते. ही ऊब अन्नापासून तयार होते. रक्त ती सगळ्या अंगाला वाटत फिरते. काळीज हा रक्ताचा पंप.

आता कालव्याचे उदाहरण घ्या. धरणात पाणी भरपूर असले की कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते. पाणी कमी पडले की काय होते? वरच्या शेतांना मिळते, शेपटाचे शेत कोरडे राहते. शरीराचेही तसेच आहे. थंडी वाजू लागली की शरीर ऊब जपून वापरू लागते. काळीज, फुप्फुसे, मेंदू यांना ऊब आधी. हातापायांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. तिकडे जाणारे रक्त कमी होते. बोटे म्हणजे कालव्याचे शेपूट! म्हणून ती आधी गारठतात.

दुसरे कारण. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो. तोच बशीत ओतला की लगेच निवतो. बशीत चहा पसरतो, त्याला चहूकडून हवा लागते. बोटे बारीक असतात. त्यांच्यात ऊब थोडी, आणि हवा मात्र चारी बाजूंनी लागते. म्हणून ती बशीतल्या चहासारखी लवकर निवतात.

तिसरे कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बोटे वळवणारे जोरदार स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये. तिथून दोऱ्यांसारख्या शिरा बोटांपर्यंत जातात. कठपुतळीचा खेळ पाहिलात ना? दोरी ओढणारा वर असतो, बाहुली खाली नाचते. तसेच हे. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली धरा आणि उजवी मूठ उघडझाप करा. आतले स्नायू हलताना लागतात की नाही? बोटे चालवणारे हे स्नायू गारठले, की मुठीतला जोर जातो. म्हणून नुसती बोटे झाकून भागत नाही. मनगट आणि कोपरापर्यंतचा हातही उबेत हवा.

चौथे कारण गाडीचे. पहाटे अंगणात पडलेली कुऱ्हाड उचलून पाहा. पाते गार लागते, दांडा तितका गार लागत नाही. दोन्ही रात्रभर एकाच थंडीत पडलेली असतात. मग असे का? कारण लोखंड हाताची ऊब भराभर ओढून घेते, लाकूड हळूहळू घेते. ब्रेक आणि क्लचची दांडी धातूची असते. उघड्या बोटांनी ती धरली, की ती सारखी ऊब ओढत राहते.

वाऱ्याची करामत

आता एक गंमत करा. तोंड मोठे उघडून तळहातावर 'हाऽऽ' असा श्वास सोडा. श्वास गरम लागतो. आता ओठांचा चंबू करून त्याच तळहातावर फुंकर मारा. गार लागते! तोंड तेच, श्वास तोच. मग फरक कशाचा? वेगाचा.

आपल्या कातडीलगत हवेचा एक पातळ थर असतो. आपल्याच उबेने तो कोमट झालेला असतो. जणू देवाने दिलेले न दिसणारे पांघरूण! हवा शांत असेल, तर हे पांघरूण अंगावर राहते. वारा सुटला की ते उडून जाते. शरीर नवा थर तापवते, वारा तोही नेतो. फुंकर मारताना जोराची हवा आजूबाजूची गार हवाही ओढत आणते आणि हे पांघरूण उडवते.

मोटारसायकलवर बसले, की वारा नसला तरी आपण तो तयार करतो. गाडी ४० ने चालली, म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा हातांवर आदळतो. त्यात हात सगळ्यांच्या पुढे! छातीआधी, तोंडाआधी वारा लागतो तो बोटांना.

बर्फाच्या मुलखातला प्रयोग

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा खंड आहे. तिथे बारा महिने बर्फ. तिथे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकचे एक छोटे नळकांडे पाण्याने भरले, वाऱ्यात टांगले, आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. जितका वारा जास्त, तितके पाणी लवकर गोठे. हे काम १९४५ साली छापून आले. वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी लागते, त्याचे हिशेब त्यातून सुरू झाले. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी हा हिशेब सुधारून घेतला.

त्या हिशेबाने पाहू. समजा, पहाटेची हवा १० अंश आहे.

गाडी ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती सुमारे ७ अंशांसारखी लागते.
गाडी ४० असेल, तर सुमारे ६ अंशांसारखी.
गाडी ६० असेल, तर सुमारे ५ अंशांसारखी.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, वारा बहुतेक ऊब सुरुवातीच्या वेगातच पळवतो. म्हणून गाडी नुसती हळू चालवून हात गरम राहणार नाहीत. ती हळू चालवायची, ते वेळेवर थांबता यावे म्हणून. दुसरी, हा हिशेब कोरड्या कातडीचा आहे. हात ओले असतील, तर थंडी याहून कितीतरी जास्त लागते. म्हणून धारा काढून, हात धुऊन, तसेच ओले हात घेऊन गाडीवर बसू नका. आधी ते कोरडे पुसा.

आपल्याकडे एवढी थंडी कुठे असते, असे म्हणू नका. विदर्भ समुद्रापासून दूर आहे. समुद्रकाठी हवा ना फार तापते, ना फार गारठते. आपल्याकडे उन्हाळा जसा कडक, तशी थंडीही कडक. आकाश निरभ्र असले, की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. त्यात उत्तरेचा गार वारा आला, की पारा दहाच्या खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

आणखी एक. सगळ्यांत जास्त थंडी मध्यरात्री नसते. ती असते दिवस उगवायच्या सुमारास, उगवल्यावरही थोडा वेळ. आणि गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली येऊन नाल्याच्या, नदीच्या खोलगटात साचते. टेकडीवरून उतरून नाला ओलांडताना एकदम थंडी झोंबते, ती यामुळे. आमचा दूधवाला पडला, तो अशाच जागी आणि अशाच वेळी.

गोधडीचे गुपित

गोधडी गरम असते का? नाही. थंडीत घडी घातलेल्या गोधडीत हात घाला, ती गारच लागते. गोधडी ऊब देत नाही, ती ऊब राखते. कशी? तिच्या थरांमध्ये हवा अडकून बसते. अडकलेली, न हलणारी हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचेही तेच, कापसाच्या रजईचेही तेच.

मग हातांना गोधडीच गुंडाळावी का? इथे वारा आडवा येतो. गोधडीच्या, लोकरीच्या छिद्रांतून जोराचा वारा आत शिरतो आणि अडकलेली हवा पळवतो. म्हणून लोकरीचे विणलेले हातमोजे घरात उबदार, पण गाडीवर निकामी! पुष्कळ लोक म्हणतात, "मोजे घातले तरी बोटे गारठतात." त्याचे कारण हे.

आणि गोधडी ओली झाली तर? मग ती पांघरवत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ऊब पळवते.

यातून तीन नियम निघतात. हातांसाठी तीन गोष्टी हव्यात.

एक, आत हवा अडकवणारा थर.
दोन, बाहेर वारा अडवणारा थर.
तीन, दोन्ही थर कोरडे.

हे तीन नियम पाठ करा. पुढचे सगळे त्यातच आले.

हातमोजे घेताना

बाजारात हातमोजे घ्यायला गेलात, तर एवढे पाहा.

बाहेरचा थर चामड्याचा, रेक्झिनचा किंवा वारा न शिरणाऱ्या कापडाचा असावा. ओळखायचे कसे? मोजा तोंडाला लावा आणि जोरात फुंकर मारा. हवा पलीकडे गेली, तर तो मोजा गाडीच्या कामाचा नाही.

आत मऊ अस्तर असावे. अस्तर नसेल, तर आतून पातळ सुती मोजे घालावेत.

मोजा घट्ट नसावा. घट्ट मोजात हवा राहत नाही आणि रक्तही अडते. घालून मूठ वळून पाहा. बोटांच्या टोकाला किंचित जागा हवी.

मोजा फार जाडही नसावा. दुकानातच ब्रेक दाबल्यासारखे करून पाहा. हॉर्नचे बटण चाचपडता आले पाहिजे. बोटे उबदार आहेत, पण ब्रेक सापडत नाही, असे झाले तर काय उपयोग?

मोजा मनगटाच्या वरपर्यंत यावा. वैद्य मनगटावर नाडी पाहतात ना? तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे वारा लागला, की बोटांकडे जाणारे रक्तच गार होते. मोजा आणि बाही यांमध्ये फट राहू देऊ नका.

पैसे कमी असतील तर

चांगल्या मोजांना पैसे पडतात. दर वेळी ते जमतातच असे नाही. म्हणून थोडक्या खर्चाचे उपाय सांगतो.

पहिला उपाय. आत पातळ सुती मोजा घाला. त्यावर प्लॅस्टिकची मऊ पिशवी. त्यावर लोकरीचा मोजा. पिशवी वारा अडवते, लोकर पकड देते. पिशवी सगळ्यांत बाहेर घालू नका. ती मुठीवरून घसरते. पिशवीत घाम साचतो, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर ती काढून हात कोरडे करा.

दुसरा उपाय. ब्रेक आणि क्लचच्या दांडीवर रबरी खोळ चढवा. ती थोड्या पैशांत मिळते. बोटे आणि धातू यांच्यामध्ये रबर आले, की ऊब ओढणे कमी होते.

तिसरा उपाय. हातांपुढे वाऱ्याला आडोसा करा. शेतात रोपाला आडोसा करतो, तसा. इंजिन ऑइलचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन धुऊन, मधोमध कापून, हँडलला दोन्ही बाजूंनी पक्का बांधतात. वारा त्यावर आदळून बाजूला जातो. नुसत्या आडोशाने किती फरक पडतो, ते एकदा करूनच पाहा.

चौथा उपाय हँडलच्या खोळीचा. उत्तरेकडे, जिथे थंडी जास्त, तिथे हँडलच्या मुठीवर एक मोठी खोळ बसवतात. हात तिच्यात घालून गाडी चालवायची. आत हात, मूठ, ब्रेक सगळे झाकलेले. बोटांना वारा लागतच नाही.

पण आडोसा बांधा की खोळ बसवा, निघण्यापूर्वी चार गोष्टी तपासल्याच पाहिजेत.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का?
ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबले जातात का, आणि सोडल्यावर परत येतात का?
रेस पिळून सोडली, की आपोआप मागे येते का?
खोळीतून हात झटकन बाहेर येतो का?

चारांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर ते काढून टाका. ऊब नंतर, जीव आधी. बांधणे जमत नसेल, तर मेकॅनिककडून करून घ्या.

ज्यांच्याजवळ पैसे आहेत, त्यांच्यासाठी विजेवर तापणाऱ्या मुठीही निघाल्या आहेत. गाडीच्या बॅटरीवर त्या चालतात. पण आपल्या भागातल्या थंडीला वरचे उपाय पुरे आहेत.

हात गरम हवेत, तर छाती झाका

कालव्याचे उदाहरण आठवा. धरण भरलेले असेल, तर शेपटाला पाणी पोचते. छातीत आणि पोटात ऊब पुरेशी असेल, तर शरीर बोटांचे रक्त कमी करत नाही. म्हणून हातांची ऊब छातीपासून सुरू होते!

स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट घाला. नसेल तर जुने वर्तमानपत्र सदऱ्याच्या आत, छातीवर दोन-तीन पदरी पसरून घाला. कागदाच्या पदरांत हवा अडकते आणि कागद वाराही अडवतो. फुकटचे जाकीट!

गळा आणि डोके झाका. हेल्मेट कायद्याने लागतेच. ते जीव वाचवते, आणि थंडीत कान-डोकेही उबेत ठेवते. मफलर गुंडाळाल, तर त्याची टोके आत खोचा. बायामाणसांनी शालीचा, ओढणीचा, पदराचा शेव सांभाळावा. मागच्या चाकात तो अडकला, तर गळ्याला फास बसतो.

उपाशीपोटी निघू नका. ऊब अन्नापासून होते, हे वर सांगितलेच. भाकरीचा तुकडा, गुळाचा खडा, तिळाचा लाडू, मूठभर शेंगदाणे, काही तरी पोटात असू द्या. संक्रांतीला तीळगूळ खायची रीत थंडीतच आली, ती उगीच नव्हे.

वाटेत बोटे बधिर झाली तर?

बोटांना आधी झिणझिण्या येतात, मग ती दुखतात, आणि मग दुखणे थांबते. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असे समजू नका. तेच खरे धोक्याचे. बोटे बधिर झाली आहेत.

मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवा. "आता गाव आलेच" असे म्हणून पुढे रेटू नका. आमचा दूधवाला असेच म्हणाला होता.

दोन्ही हात काखेत घाला. काख म्हणजे अंगचीच शेगडी. पाच-दहा मिनिटे तसेच बसा. मग उभे राहून हात खांद्यापासून गोल गोल फिरवा, गोफण फिरवतो तसे. रक्त जोराने बोटांकडे जाते. चहाचे दुकान असेल, तर चहा प्या. पिण्याआधी पेला दोन्ही हातांत धरा. पेला मात्र हाताला सोसेल एवढाच गरम असावा.

बोटांत रक्त परत आले, की ती ठणकतात, लाल होतात. घाबरू नका, हे चांगले लक्षण आहे. मूठ चार-पाच वेळा उघडझाप करा. ब्रेक दाबून पाहा. जोर आला असेल, तरच निघा.

हे करू नका

तापलेल्या सायलेन्सरला किंवा इंजिनला हात लावून ऊब घेऊ नका. शेकोटीच्या अगदी जवळ हात नेऊ नका. बधिर बोटांना चटका कळत नाही. कातडी भाजते, आणि ते नंतर समजते.

एक हात खिशात घालून दुसऱ्या हाताने गाडी चालवू नका. पुष्कळ जण असे करतात. वासरू आडवे आले, तर एक हात काय काय करील?

थंडीवर उतारा म्हणून दारू पिऊ नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात. म्हणून गरम वाटते. पण आतली ऊब बाहेर येऊन उडून जाते. माणूस गरम होत नाही, उलट गारठतो. आणि दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा तर आहेच.

बिडीनेही हात गरम होत नाहीत. तंबाखूने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आखडतात. बिडीचे टोक तेवढे गरम, बोट मात्र गारच!

मूठ फार आवळून धरू नका. आवळलेल्या मुठीत रक्त नीट खेळत नाही.

ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी अधिक जपावे. त्यांच्या बोटांना आधीच कमी कळते. थोड्या थंडीतही कोणाची बोटे पांढरीफटक पडत असतील, किंवा ऊब देऊनही अर्ध्या तासात रंग परत येत नसेल, फोड आले असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

याडीची खोळ

आता त्या दूधवाल्याचे पुढे काय झाले, ते सांगतो.

मनगट बरे व्हायला दीड-दोन महिने लागले. तोवर धाकट्या भावाने दूध पोचवले. मधल्या काळात मी त्या घरी दोन-तीनदा गेलो. वर लिहिले आहे, ते सगळे याडीला समजावून सांगितले. म्हातारीला अक्षर येत नाही. पण तिने सगळे नीट ऐकून घेतले. शेवटी एवढेच म्हणाली, "म्हणजे आत गोधडी पाहिजे, आन् वरून वारा नाही लागला पाहिजे. हेच ना गुरुजी?"

मी चार पाने वाचून जे शिकलो, ते तिने एका वाक्यात सांगितले!

पुढच्या खेपेस गेलो, तर दारात गाडी उभी होती. हँडलला दोन खोळी बसवलेल्या. बाहेरून जुन्या सीटचे रेक्झिन, आतून गोधडीचा तुकडा. काठाला लाल-पिवळ्या दोऱ्याची शिलाई. बंजारा बायांच्या हाताला कशिदा कोण शिकवणार! मुलाने हँडल वळवून दाखवले, ब्रेक दाबून दाखवला, रेस पिळून सोडली. चारही गोष्टी ठीक होत्या. मग त्याने हात झटकन बाहेर काढला आणि मला नमस्कार केला.

तेव्हापासून तो रोज पहाटे जातो आणि सुखरूप परत येतो. नाल्याच्या उताराला मात्र गाडी अजून हळू घेतो.

मंडळी, आपले हातावर पोट आहे. नांगर धरायचा तो हातांनी, कापूस वेचायचा तो हातांनी, धारा काढायच्या त्या हातांनी, आणि आता लेखणी धरायची तीही याच हातांनी. त्या हातांना थंडीत एवढे जपा. घरी कोणी तरी वाट पाहत असते.

ध्यानात ठेवा

१. आत हवा अडकवणारा थर, बाहेर वारा अडवणारा थर, दोन्ही कोरडे.
२. मनगट आणि छाती झाकली, तरच बोटे गरम राहतात.
३. आडोसा किंवा खोळ बसवली, तर ब्रेक, क्लच, रेस आणि हँडल तपासा.
४. बोटे बधिर झाली, की थांबा. हात काखेत घाला.

विचार करा आणि सांगा

१. लोकरीचे मोजे घरात उबदार लागतात, मग गाडीवर का नाही?
२. कुऱ्हाडीचे पाते दांड्यापेक्षा गार का लागते?
३. गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. एका सेकंदात ती किती मीटर जाईल?
४. तुमच्या गावात पहाटे गाडीवर कोण कोण जाते? त्यांना या पाठातली कोणती गोष्ट सांगाल?